जीपीए २.६ आहे, पोडियाट्रीला प्रवेश मिळेल का?

आडवाट

पुतण्यासाठी विचारतेय. तो अमेरिकेतच शिकतो, नागरिकही तिथलाच. बायॉलॉजी मेजर, १२० क्रेडिट्स पूर्ण. एकूण जीपीए (४ पैकी सरासरी ग्रेड) २.६, सायन्सचा २.४. ऑरगॅनिक केमिस्ट्रीच्या पहिल्या भागात डी, फिजिक्सच्या दुसऱ्या भागात डब्ल्यू घेतलाय, म्हणजे कोर्स मध्येच सोडलाय. एमकॅट, म्हणजे मेडिकलची प्रवेश परीक्षा, अजून दिलेली नाही. पायांचा डॉक्टर व्हायचं म्हणतोय, म्हणजे डीपीएम. पोडियाट्रीला कमी मार्कांतही घेतात असं सगळीकडे ऐकू येतं. या ऑगस्टमध्ये अर्ज भरावा की थांबावं? धीर देणारी उत्तरं नकोत, आकडे आणि पायऱ्या हव्यात.

घाटमाथा

आधी सगळ्यांसाठी थोडक्यात: डीपीएम हा चार वर्षांचा कोर्स, त्यानंतर तीन वर्षांची सर्जिकल रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलातलं प्रशिक्षण. अमेरिकेत मान्यताप्राप्त कॉलेजं मोजून अकरा. एमडीच्या (तिथली नेहमीची डॉक्टरकीची पदवी) दीडशेहून जास्त कॉलेजांपुढे हे जग फारच लहान, आणि त्यामुळे अॅडमिशन ऑफिसातली माणसं अर्ज खरंच वाचतात. कमी जीपीएवाल्याला या गोष्टीचा फायदा होतो.

आता आकडे. प्रवेश मिळालेल्यांचा सरासरी जीपीए ३.३ च्या आसपास असतो, एमकॅट ४९० ते ५०० च्या पट्ट्यात. एमडीला प्रवेश मिळालेल्यांची एमकॅट सरासरी ५११ च्या वर आहे, म्हणजे फरक मोठा. पण ३.३ आणि २.६ मधला फरकही काही लहान नाही. "पोडियाट्री कुणालाही घेते" हे वाक्य यातून निघत नाही.

पुतण्याचं गणित मांडू. १२० क्रेडिट्स गुणिले २.६ म्हणजे ३१२ गुण. आता त्याने एक वर्ष आणखी शिकून ३० क्रेडिट्स ३.८ ने काढले, तर ११४ गुण वाढतील. ४२६ भागिले १५०, उत्तर २.८४. वर्षभर रक्त आटवून आकडा पाव अंशही हलला नाही. ३.० गाठायचं तर सलग ४८ क्रेडिट्स निव्वळ ए मिळवावे लागतील, दीड-दोन वर्षं. सायन्सचा आकडा जरा लवकर हलतो, कारण खाली भागायचे क्रेडिट्स कमी असतात. ५० क्रेडिट्स २.४ ने, वर ३० क्रेडिट्स ३.८ ने, तर २.९३.

म्हणून एकूण जीपीए सुधारायच्या मागे लागू नका. वाचणारा माणूस शेवटचे ३० क्रेडिट्स वेगळे काढून बघतो. तिथे ३.८ दिसला आणि विषय कठीण असले, तर २.८४ कडे तो इतिहास म्हणून पाहतो.

एक अपवाद: काही कॉलेजांची किमान जीपीएची अट असते, कुठे २.७५, कुठे ३.०. त्या अटीखाली अर्ज गेला तर माणसापर्यंत पोचतच नाही. प्रत्येक कॉलेजच्या पानावरची अट आधी वाचून यादी करा. अकराच आहेत, एका संध्याकाळचं काम.

तिरफळ

घाटमाथा, तुमचं गणित बरोबर आहे, पण मी उलट सांगेन. गेल्या काही वर्षांत अर्ज घटलेत, काही कॉलेजांच्या जागा पूर्ण भरत नाहीत. अशा वेळी दीड वर्ष थांबायला सांगणं म्हणजे उघडं दार सोडून खिडकीला शिडी लावणं. ऑरगॅनिक परत करायचं, फिजिक्स पूर्ण करायचं, एमकॅट ४९५ च्या वर आणायची आणि अर्ज टाकायचा. फार तर नकार येईल. पुढच्या वर्षी परत टाकता येतो, दुसऱ्यांदा अर्ज करणाऱ्यांना कुणी नाक मुरडत नाही.

घाटमाथा

जागा रिकाम्या असतात, मान्य. प्रवेश मिळूनही जाईल कदाचित. माझी चिंता त्याच्या पुढची आहे.

पहिल्या वर्षी ग्रॉस अॅनाटॉमी, बायोकेमिस्ट्री, फिजिऑलॉजी, हिस्टॉलॉजी हे सगळं एकाच वेळी अंगावर येतं. दुसरं वर्ष संपलं की उन्हाळ्यात एपीएमएलईचा पहिला भाग, म्हणजे बोर्डाची परीक्षा. ती पास झाल्याशिवाय पुढची वाट अडते आणि रेसिडेन्सीच्या मॅचमध्ये (जागावाटपात) पहिल्याच प्रयत्नात पास झालेल्याला वजन असतं. लोअर एक्स्ट्रिमिटी अॅनाटॉमीचा तिथे मोठा वाटा: घोट्याखालचा प्रत्येक स्नायू, त्याचा मज्जातंतू, त्याचा उगम आणि शेवट. ऑरगॅनिकमध्ये डी आलेल्या मुलाने अभ्यासाची पद्धत बदललेली नसेल, तर तो कॉलेजात शिरून दुसऱ्या सेमिस्टरला बाहेर पडेल, आणि डोक्यावर एका वर्षाचं कर्ज राहील. डिग्री नाही, कर्ज आहे, ही सगळ्यात वाईट अवस्था. नकाराचं पत्र त्यापेक्षा कितीतरी स्वस्त.

कॉलेजांना आपली बोर्डाची पास टक्केवारी, चार वर्षांत पदवी मिळवणाऱ्यांचं प्रमाण आणि रेसिडेन्सी मिळालेल्यांचं प्रमाण वेबसाइटवर जाहीर करावं लागतं. मुलाला ही तीन आकड्यांची ओळ अकरा वेळा काढून एका कागदावर लिहायला सांगा. चार वर्षांत पदवीचा आकडा कमी असेल आणि बोर्डाचा भरभक्कम असेल, तर अर्थ सरळ आहे: कच्ची मुलं परीक्षेपर्यंत पोचूच दिली नाहीत. अशा कॉलेजात सहज घेतलं म्हणजे सहज ठेवलं असं नव्हे.

रानवाटा

+१ घाटमाथा. आता एमकॅट, कारण कमी जीपीएवाल्याच्या हातात पटकन बदलता येण्यासारखी तेवढी एकच गोष्ट आहे.

चार भाग, प्रत्येकी ११८ ते १३२ गुण, एकूण ४७२ ते ५२८. प्रश्न २३०. तीन सायन्सच्या भागांत प्रत्येकी ५९ प्रश्न ९५ मिनिटांत, उताऱ्यांच्या भागात ५३ प्रश्न ९० मिनिटांत. मधल्या सुट्या धरून सकाळी गेलेला माणूस दुपारी उशिरा बाहेर येतो. सगळ्या देशाची सरासरी ५०० च्या किंचित वर असते. २.६ वाल्याने ५०० चं लक्ष्य ठेवावं. ४९३ कुणाला तरी पुरतो, पण तो ज्याचा जीपीए ३.४ आहे त्याला. दोन्ही बाजू लंगड्या असतील तर वाचणाऱ्याला टेकायला काहीच उरत नाही.

चुका नेमक्या कुठे होतात? पहिली: ऑरगॅनिक आणि फिजिक्स पुरे व्हायच्या आत परीक्षा देणं. दुसरी: चार महिने पुस्तकं वाचत बसणं आणि पूर्ण लांबीचे सराव पेपर शेवटच्या दोन आठवड्यांत कोंबणं. उलट करा. पहिले सहा आठवडे विषय, मग आठ आठवडे प्रश्न. एएएमसीचे (एमकॅट घेणारी संस्था) स्वतःचे सराव पेपर शेवटच्या महिन्यासाठी राखून ठेवा, दर आठवड्याला एक, सकाळी त्याच वेळेला, त्याच सुट्या घेऊन. शेवटच्या तीन पेपरांची सरासरी साधारण खऱ्या गुणांच्या जवळ असते. ती ४९० च्या खाली असेल तर तारीख पुढे ढकला.

प्रयत्न मोजूनच मिळतात: एका वर्षात ३, सलग दोन वर्षांत ४, आयुष्यात ७. परीक्षा संपताना गुण रद्द करायचा पर्याय असतो, पण रद्द केला तरी तो प्रयत्न मोजला जातो. आणि कॉलेजला तुमचे चांगले गुण तेवढे पाठवता येत नाहीत. रद्द न केलेल्या सगळ्या प्रयत्नांचे गुण दिसतात. "एकदा देऊन तर बघू" ही सवय इथे महागात पडते.

काही कॉलेजं एमकॅटऐवजी दुसरी परीक्षा चालवून घेतात किंवा परीक्षा माफ करतात. माफी मात्र चांगल्या जीपीएवाल्यांसाठीच असते. पुतण्याने तिकडे बघूच नये.

आडवाट

खूप उपयोगी. मग नेमके कुठले विषय परत करायचे? डी तर परत करावाच लागेल, पण सीचे पण तीन-चार आहेत. आणि हे कम्युनिटी कॉलेजात केलं तर चालतं का? तिथे फी बरीच कमी आहे.

सोनटक्का

नेहमीची अट अशी: बायॉलॉजी ८ सेमिस्टर अवर (म्हणजे क्रेडिट्स), जनरल केमिस्ट्री ८, ऑरगॅनिक ८, फिजिक्स ८, सगळ्यांबरोबर लॅब, आणि इंग्रजी ६. प्रत्येकात सी किंवा वर. म्हणजे ऑरगॅनिकचा डी परत करणं बंधनकारक, फिजिक्सचा डब्ल्यू पूर्ण करणं बंधनकारक. सी परत करू नका.

सी परत का करायचा नाही? जनरल केमिस्ट्रीचा सी परत करून ए आणला, तर वाचणारा म्हणतो, एकदा शिकलेलं दुसऱ्यांदा जमलं. तेच चार क्रेडिट्स बायोकेमिस्ट्रीला लावून ए आणला, तर तो म्हणतो, नवं आणि कठीण जमलं. गुणपत्रिकेवर जुना सी तसाही राहतोच, परत केल्याने तो पुसला जात नाही. दोन्ही नोंदी अर्जात भराव्या लागतात.

म्हणून त्या ३० क्रेडिट्समध्ये काय असावं: डी आलेलं ऑरगॅनिक, राहिलेलं फिजिक्स, आणि मग बायोकेमिस्ट्री, ह्युमन अॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, मायक्रोबायॉलॉजी, जमलं तर हिस्टॉलॉजी किंवा इम्युनॉलॉजी. हेच विषय कॉलेजच्या पहिल्या वर्षी परत भेटतात. मेडिकल टर्मिनॉलॉजी, पब्लिक हेल्थची ओळख असले हलके कोर्स घालून जीपीए फुगवलेला लगेच ओळखू येतो.

किती एकदम? इथेच बहुतेकांचं घसरतं. एका सेमिस्टरला दोन सायन्स घेऊन दोन्हीत ए आणला, तर कॉलेजला शंका राहते की पाच एकदम आल्यावर काय होईल. पाच घेऊन बी-सी आणले, तर सगळंच मुसळ केरात. पहिल्या सेमिस्टरला १२ क्रेडिट्स, त्यातली तीन सायन्स लॅबसकट, नोकरी आठवड्याला १० तासांच्या आत. ते जमलं की दुसऱ्याला १५ ते १६. चढता आलेख हवा, तो क्रेडिट्सच्या संख्येतही दिसला पाहिजे.

कम्युनिटी कॉलेज: डीचं ऑरगॅनिक तिथे केलं तर बहुतेक ठिकाणी चालतं, आधी ईमेलने विचारून उत्तर जपून ठेवा. वरच्या पातळीचे विषय मात्र चार वर्षांच्या विद्यापीठातच. बऱ्याच कम्युनिटी कॉलेजांत ते नसतातही. उन्हाळ्यातल्या आठ आठवड्यांच्या ऑनलाइन लॅबपासून लांब राहा. काही ठिकाणी ऑनलाइन लॅब धरतच नाहीत, आणि हे कळतं ते फी भरून झाल्यावर.

एका वर्षाचा स्पेशल मास्टर्स हा दुसरा रस्ता. त्यात मेडिकल कॉलेजच्या तोडीचे विषय असतात, आणि काही पोडियाट्री कॉलेजं आपल्याच विद्यापीठातल्या अशा कोर्समध्ये ठरावीक गुण मिळवणाऱ्याला मुलाखत देतात. पण लक्षात घ्या, मास्टर्सचा जीपीए पदवीच्या जीपीएत मिसळत नाही, वेगळा दिसतो. २.६ तसाच राहतो. आणि तिथे ३.२ आला तर दार कायमचं बंद झाल्यासारखं, कारण मग "हा कठीण अभ्यास झेपत नाही" याचा ताजा पुरावा तुम्हीच दिलेला असतो. मास्टर्स हे शेवटचं पान. अंडरग्रॅजुएटचे ३० क्रेडिट्स चांगले झाल्यावरच उलटायचं, आणि तेही गरज पडली तर.

तिरफळ

ठीक, सोनटक्काच्या पोस्टनंतर मी माझं "लगेच टाका" थोडं मागे घेतो. पण पूर्ण नाही. खाली वेळापत्रकात बोलू.

पाचोळा

शॅडोइंगबद्दल, म्हणजे डॉक्टरांसोबत राहून त्यांचं काम बघण्याबद्दल, कुणीच बोललं नाही. मार्क कमी असलेल्याला "पोडियाट्रीच का" या प्रश्नाचं उत्तर दुप्पट पक्कं द्यावं लागतं, कारण समोरच्याला आधीच शंका असते की एमडी मिळालं नाही म्हणून दुधाची तहान ताकावर भागवायला आलाय.

तास किती? ४० ते ५० पुरतात, पण एकाच डॉक्टरकडे नकोत. किमान दोन वेगळ्या प्रकारची ठिकाणं बघा: एक साधं क्लिनिक, एक हॉस्पिटलचं वूंड केअर सेंटर किंवा ऑपरेशन थिएटर. डॉक्टर मिळवायला पोडियाट्री कॉलेजांच्या संघटनेचं मेंटर नेटवर्क आहे, नाहीतर सरळ क्लिनिकला फोन. ईमेलला उत्तर येत नाही, रिसेप्शनला दुपारी फोन केला की येतं.

तिथे काय बघायचं? नुसतं कोपऱ्यात उभं राहून तास मोजू नका. उदाहरण देते. मधुमेही रुग्णाचा पाय तपासताना डॉक्टर एक नायलॉनचा तंतू तळव्याला टेकवतात, इतकाच दाब देतात की तंतू धनुष्यासारखा वाकेल. तो १० ग्रॅमचा मोनोफिलामेंट. रुग्णाने डोळे मिटलेले असतात, कुठे लागलं ते सांगायचं. जिथे जाड कडक कातडं आहे तिथे टेकवत नाहीत, कारण तिथे निरोगी माणसालाही कळणार नाही. मग १२८ हर्ट्झचा नादकाटा (ट्यूनिंग फोर्क) अंगठ्याच्या हाडावर, मग पायाच्या वरच्या बाजूची आणि घोट्यामागची नाडी. रुग्ण म्हणतो दुखत नाही, आणि तेच तर संकट आहे: दुखत नाही म्हणून तो जखमेवर चालत राहतो. हे एकदा नीट पाहिलं आणि का करतात ते विचारलं, की मुलाखतीत "मला लोकांची मदत करायची आहे" असलं गुळमुळीत काही बोलायची वेळ येत नाही.

किंवा मांसात रुतलेलं नख. अंगठ्याच्या बुडाशी दोन्ही बाजूंनी भूल, नखाची कड उभी कापून काढतात, मग मुळाशी फिनॉल लावतात म्हणजे ती कड परत उगवत नाही. मिनिटांचं काम, आणि लंगडत आलेला माणूस पुढच्या भेटीला बुटात येतो. या पेशाचं आकर्षण अशा कामांतही आहे, ते बोलायला लाजू नये. सगळेच फक्त मोठ्या शस्त्रक्रियांबद्दल बोलतात.

घरी आल्यावर वहीत नोंद: तारीख, तास, काय पाहिलं, काय विचारलं. रुग्णाचं नाव किंवा ओळख पटेल असं काहीही लिहायचं नाही, आणि फोटो तर मुळीच नाहीत.

शिफारसपत्रं: एक डीपीएमकडून, दोन सायन्सच्या प्राध्यापकांकडून. प्राध्यापक निवडताना नव्या ३० क्रेडिट्समधले निवडा. ज्यांनी सुधारलेला मुलगा पाहिला त्यांचंच पत्र उपयोगाचं. सेमिस्टर संपायच्या आत मागा, सोबत गुणपत्रिका आणि जुन्या मार्कांचं एका परिच्छेदात खरं कारण द्या. त्यांनी पत्रात "सुरुवातीचे गुण याची क्षमता सांगत नाहीत" असं लिहिलं तर ते तुमच्या दहा वाक्यांपेक्षा भारी. डीपीएम नातेवाईक असेल तर त्याचं पत्र नको.

तिरफळ

निबंधावर माझे दोन पैसे. कमी जीपीएबद्दल लिहायचं की नाही? लिहायचं, पण चार ओळी. मुख्य निबंध पोडियाट्रीबद्दल, मार्कांबद्दल एक छोटा परिच्छेद, तोही शेवटच्या तिसऱ्या भागात. सुरुवात रडगाण्याने झाली की पुढचं कुणी वाचत नाही.

वाईट नमुना, आशय असा: "त्या काळात माझ्यावर अनेक संकटं आली, त्यामुळे गुणांवर परिणाम झाला. पण मी खचलो नाही."

यात वाचणाऱ्याला काही कळलंच नाही. काय झालं, किती दिवस, आता ते संपलं का?

बरा नमुना: "दुसऱ्या वर्षी मी आठवड्याला ३० तास नोकरी करत १७ क्रेडिट्स घेतले. ऑरगॅनिकमध्ये डी आला. अभ्यास पाठांतराने करायचो, प्रश्न सोडवायचो नाही. पुढे नोकरी १० तासांवर आणली, दर आठवड्याला प्राध्यापकांच्या ऑफिसच्या वेळेत जाऊ लागलो. ऑरगॅनिक परत केलं, ए मायनस. बायोकेमिस्ट्री ए."

कारण, चूक, बदल, पुरावा. बस. आजारपण किंवा घरातला मृत्यू हे कारण असेल तर एका वाक्यात सांगायचं, पुढे जायचं. प्राध्यापकाला दोष कधीही द्यायचा नाही. आणि कॉलेजने प्रोबेशन किंवा निलंबन दिलं असेल, तर अर्जात त्याचा वेगळा प्रश्न असतो, तिथे लपवाछपवी करू नये. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही, गुणपत्रिकेवर ते बहुतेकदा छापलेलं असतंच.

कोकणकडा

धाग्याला धरून पण जरा वेगळा प्रश्न. भारतातल्या मुलांना हे जमतं का? नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाची बीपीटीएच (फिजिओथेरपीची पदवी) किंवा पुण्याची बीएससी असेल, मार्क ५५-५६ टक्के. ५५ टक्के म्हणजे २.२ जीपीए, असं एका सल्लागाराने सांगितलंय.

रानवाटा

सल्लागाराने टक्क्यांना २५ ने भागलंय. असं करत नाहीत. भारतीय गुणपत्रिकेचं मूल्यमापन डब्ल्यूईएससारख्या संस्थेकडून विषयवार करून घ्यायचं असतं. आपल्याकडचं ६० टक्के म्हणजे फर्स्ट क्लास हे त्यांना माहीत असतं, आणि त्यानुसार ग्रेड लागतात. ५५ चं चित्र २.२ पेक्षा बरंच चांगलं निघू शकतं. विद्यापीठाकडून सीलबंद गुणपत्रिका मिळायला वेळ लागतो, ते काम सगळ्यात आधी सुरू करा.

पण त्यांची खरी अडचण ग्रेडची नाही, बाकीच्या तीन गोष्टींची आहे. एक, अनेक कॉलेजांना वर सांगितलेले सायन्सचे विषय अमेरिकेत किंवा कॅनडात केलेले लागतात. बीपीटीएचमध्ये अॅनाटॉमी भरपूर असते, पण ऑरगॅनिक केमिस्ट्रीचे ८ क्रेडिट्स नसतात. ते परत करावेच लागणार. दोन, फेडरल कर्ज परदेशी विद्यार्थ्याला मिळत नाही, आणि व्हिसासाठी पैसे दाखवावे लागतात. तीन, नंतरची रेसिडेन्सी: परदेशात शिकलेल्या एमडीवाल्यांची ईसीएफएमजीच्या प्रमाणपत्राची वाट पोडियाट्रीला लागू नाही, म्हणून कुठली हॉस्पिटलं कुठल्या व्हिसावर घेतात हे कॉलेजला लेखी विचारून घ्या, आणि आधीच्या परदेशी विद्यार्थ्यांना रेसिडेन्सी कुठे मिळाली तेही.

आणि डीपीएम घेऊन भारतात परत यायचा विचार असेल तर तो एमबीबीएसला समकक्ष नाही. परत येऊन सर्जन म्हणून काम करता येईल या समजुतीत कुणी राहू नये.

कोकणकडा

हे तिसरं तर कुणीच सांगितलं नव्हतं. धन्यवाद.

घाटमाथा

कर्जाचा विषय निघालाच आहे तर. आधी पदव्युत्तर विद्यार्थ्याला ग्रॅड प्लस या फेडरल कर्जातून पूर्ण खर्चाइतके पैसे मिळायचे. २०२५ च्या कायद्याने १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी ते बंद केलंय. डीपीएम प्रोफेशनल डिग्रीत मोडतो, म्हणून वर्षाला ५०,००० डॉलर आणि एकूण २,००,००० डॉलर ही मर्यादा. फी, राहणं, विमा, परीक्षांची फी मिळून बहुतेक ठिकाणी वर्षाचा खर्च याच्या वर जातो. उरलेला घरून, शिष्यवृत्तीतून किंवा खासगी कर्जातून. खासगी कर्जाला सहसा जामीन लागतो, आणि काका-काकूंना तो प्रश्न विचारला जाणार हे आत्ताच धरून चला.

स्पेशल मास्टर्सला ही प्रोफेशनल मर्यादा नाही. साध्या पदव्युत्तर कोर्सला वर्षाला २०,५०० डॉलर. मास्टर्सचा विचार करताना हेही पाहा.

शिष्यवृत्ती कमी जीपीएवाल्याला क्वचित मिळते, पण एमकॅट ५०० च्या वर गेली तर काही कॉलेजं देतात. ४९० आणि ५०० मधल्या त्या दहा गुणांची किंमत डॉलरमध्येही मोजता येते ती अशी.

सोनटक्का

आता तारखा. अर्ज एकाच सामाईक पोर्टलवरून, एएसीपीएमएएस. साधारण ऑगस्टमध्ये उघडतं. टेक्सासच्या सरकारी कॉलेजासाठी टीएमडीएसएएस हे तिथलं वेगळं पोर्टल आहे, त्याचं वेळापत्रकही वेगळं. प्रवेश आलेल्या क्रमाने देत जातात, म्हणून उन्हाळ्यापर्यंत अर्ज चालतो म्हणून कुणी वसंतापर्यंत थांबू नये. तोवर जागा असतीलही, शिष्यवृत्तीचे पैसे संपलेले असतात.

पुतण्याने या ऑगस्टला टाकू नये. या फॉलमध्ये १२ क्रेडिट्स: ऑरगॅनिक, फिजिऑलॉजी, फिजिक्स. सोबत शॅडोइंग, दर शनिवारी चार तास धरले तरी डिसेंबरपर्यंत ४० होतात. स्प्रिंगमध्ये १५: बायोकेमिस्ट्री, अॅनाटॉमी, मायक्रो, आणखी एक. मे महिन्यात पत्रं मागायची. जून-जुलै फक्त एमकॅट, परीक्षा जुलैअखेर, गुण साधारण महिन्याभराने येतात. ऑगस्टमध्ये पोर्टल उघडलं की पहिल्या दोन आठवड्यांत अर्ज, एमकॅटचे गुण मागून जोडले जातात.

तिरफळ

यात माझी एकच दुरुस्ती. फॉलचे निकाल डिसेंबरात आले आणि ते सगळे ए असले, तर जानेवारीत एमकॅट देऊन त्याच वर्षी तीन-चार कॉलेजांना अर्ज टाकायला हरकत नाही. बी आले तर तुमचंच वेळापत्रक.

सोनटक्का

जानेवारीत? बायोकेमिस्ट्री शिकायच्या आधी? एमकॅटच्या दोन भागांत प्रत्येकी साधारण पाव हिस्सा बायोकेमिस्ट्री आहे.

तिरफळ

बरोबर. मागे घेतो. हे दुसऱ्यांदा.

पाचोळा

मुलाखतीत एक प्रश्न हमखास येतो: "आमच्याकडे पहिल्या वर्षी एक विषय राहिला तर काय कराल?" त्यांना हिंमत ऐकायची नसते, पद्धत ऐकायची असते. कुठल्या आठवड्यात कळेल, कुणाकडे जाल, कुठलं काम बंद कराल. मुलाने हेच तिथे उलट विचारावंही: किती विषय राहिले की काढतात, उन्हाळ्यात परत परीक्षा देता येते का, पहिली दोन वर्षं तीन वर्षांत पसरता येतात का. काही कॉलेजांत अशी सोय आहे. लिहून घ्या, विद्यार्थ्यांच्या नियमपुस्तिकेशी ताडून पाहा.

आडवाट

सगळ्यांचे आभार, हे सगळं त्याला पाठवते. एक शेवटचं. बारावीच्या वर्षी त्याने कम्युनिटी कॉलेजात एक गणिताचा कोर्स घेतला होता, त्यात सी आला. विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर तो दिसत नाही. तो अर्जात घालायचाच का?

सोनटक्का

घालायचा. जिथे जिथे एक क्रेडिट जरी घेतला त्या प्रत्येक कॉलेजची गुणपत्रिका थेट त्या कॉलेजकडून पोर्टलला जावी लागते, शाळेत असताना घेतलेला कोर्सही धरून. तो सी कुणी मनावर घेणार नाही. पण ती गुणपत्रिका आली नाही म्हणून अर्ज पडताळणीत अडकतो, आठवडे जातात. कॉलेजला आजच ईमेल करायला सांगा. जुनी नोंद शोधायला त्यांनाही वेळ लागतो, आणि त्याच्या नावावर तिथे काही फी बाकी असेल तर तेही आत्ताच कळेल.

आडवाट

लायब्ररीचा दंड होता बहुतेक. विचारते.